मानेतली जादा बरगडी: शेकाची फिजिओ, व्यायामाची फिजिओ की सरळ ऑपरेशन?

एक्स-रेच्या रिपोर्टवर 'सर्व्हायकल रिब' असं छापून आलं की घरातले सगळे पहिलं हेच विचारतात, मग काढून टाकायची का? जरा थांबा. ही बरगडी जन्मापासूनचीच असते, मानेच्या सातव्या मणक्याला फुटलेली, शंभरात जेमतेम एखाद्याला असते आणि त्यातल्याही बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताच नसतो. त्यामुळे फोटोत बरगडी दिसली आणि हाताला मुंग्या येतायत, एवढ्यावरून दोघांचं लग्न लावून टाकू नका. करंगळी आणि शेजारच्या बोटात मुंग्या, कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला बधीरपणा, हात वर धरला की जड पडणं, असं असेल तर संशयाला जागा आहे. कोपरात नस दबली तरी करंगळी बधीर होते, पण तेव्हा कोपराखालची आतली बाजू सहसा बधीर होत नाही, हे डॉक्टरला नीट बोट ठेवून दाखवा. अंगठा आणि पहिली दोन बोटं असतील तर मनगट किंवा मानेची गादी आधी तपासतात.

आता फिजिओने होणार काय, बरगडी तर विरघळणार नाही ना, हा प्रश्न रास्त आहे. हासळीच्या मागे मानेचे दोन स्नायू, स्केलीन म्हणतात त्यांना, खाली पहिल्या बरगडीला चिकटतात आणि त्यांच्या फटीतून हाताच्या नसांचा जुडगा आणि मोठी रक्तवाहिनी बाहेर पडते. जादा बरगडी, किंवा तिच्या टोकापासून निघालेली दोरीसारखी पट्टी जी एक्स-रेमध्ये दिसतच नाही, ती खालून या नसांना ढकलते. वरून खांदा पडलेला, स्केलीन आखडलेले, छाती पुढून आवळलेली, की उरलीसुरली जागाही जाते. फिजिओ ही उरलीसुरली जागा परत मिळवून देते, बस एवढंच तिचं काम, आणि बऱ्याच जणांना तेवढं पुरतं.

ऑपरेशनशी तुलना करायची तर आधी हे बघा की चॉइस तुमच्या हातात आहे का. हात गार पडतो, बोटं पांढरी किंवा निळी होतात, अख्खा हात सुजतो, तर ती रक्तवाहिनीची भानगड आहे, तिथे व्यायाम करत बसायचं नाही, व्हॅस्क्युलर सर्जनला लगेच दाखवायचं. अंगठ्याच्या बुडाशी जो फुगीर भाग असतो तो दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसतोय, शर्टाचं बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही, तरी तेच, कारण सुकलेला स्नायू नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही. हे सगळं नसेल, फक्त मुंग्या, दुखणं, जडपणा असेल, तर आधी फिजिओच, आणि ती साधारण तीन महिने मनापासून केल्याशिवाय 'फरक नाही' म्हणायचं नाही.

ऑपरेशनमध्ये जादा बरगडी, बरेचदा पहिली बरगडीसुद्धा, आणि स्केलीन स्नायू काढतात, हासळीच्या वरून किंवा काखेतून. काखेतली पद्धत रूस नावाच्या सर्जनने १९६६ साली मांडली. योग्य पेशंटला गुण येतो हे खरं, पण जागा फार नाजूक आहे, फुप्फुसाच्या आवरणाला छेद जाऊ शकतो, ज्या नसा सोडवायला गेलो त्यांनाच किंवा श्वासाच्या पडद्याच्या नसेला दुखापत होऊ शकते, म्हणून हे ऑपरेशन वारंवार करणाराच माणूस गाठा. आणि लोक एक गोष्ट विसरतात, ऑपरेशन झालं तरी नंतर फिजिओ असतेच. म्हणजे व्यायामाचा कंटाळा आला म्हणून ऑपरेशन, हा हिशोब मुळात जुळत नाही.

खरी निवड फिजिओच्या आतच आहे आणि पैसे तिथेच वाया जातात. मुंबईत गल्लोगल्ली जे क्लिनिक दिसतं तिथे बरेचदा काय होतं, झोपवतात, मानेला आयएफटीचे, म्हणजे हलक्या विजेच्या करंटचे पॅड, वर गरम शेक, थोडा अल्ट्रासाउंडच्या मशीनचा शेक, झालं, उद्या या. बरं वाटतं, खोटं नाही, पण घरी पोचेपर्यंत. माझी मामेबहीण ब्युटी पार्लरमध्ये काम करते, म्हणजे दिवसभर ड्रायर धरून हात वर, तिला असं महिनाभर शेकलं आणि मुंग्या होत्या तिथेच. मग दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी मशीनला हातच लावला नाही, खुर्चीत बसवून नुसतं 'श्वास घे' म्हणाल्या आणि मानेकडे बघत राहिल्या. प्रत्येक श्वासाला हासळीवरचे स्नायू दोरीसारखे ताठ होत होते, पोट मात्र हलत नव्हतं. म्हणजे स्केलीनला दिवसभर ओव्हरटाइम. पहिल्या आठवड्याचा होमवर्क काय तर उताणं झोपून पोटावर हात ठेवून श्वास, आणि खवाटे मागे-खाली ओढून धरायचे, तेही आरशासमोर. तिला वाटलं फसवणूक आहे. पुढे छातीचे स्नायू दाराच्या चौकटीत ताणायचे, स्केलीनचं हलकं स्ट्रेचिंग, नसेचं ग्लायडिंग, शेवटी रबर बँड. दोन महिन्यांनी ती एका दमात सबंध ब्लो-ड्राय उरकायला लागली, मुंग्या अगदीच गेल्या नाहीत, कमी झाल्या.

या ग्लायडिंगचंच यूट्यूबवर बघून करणाऱ्यांचं चुकतं. नस म्हणजे स्नायू नव्हे, ताणून धरायची नसते, हळूच पुढेमागे सरकवायची असते, आणि करताना मुंग्या वाढून तासन्‌तास राहिल्या तर तुम्ही जास्त केलंत. म्हणून निव्वळ व्हिडिओवर जाऊ नका, पण रोज क्लिनिकलाही जाऊ नका. माझं मत असं की आठवड्याला एक-दोन सिटिंग, त्यात तपासणी आणि पुढचा टप्पा, बाकी घरी रोज, हे वीस दिवसांच्या शेकाच्या पॅकेजपेक्षा स्वस्त आणि सरस. ट्रॅक्शन, म्हणजे मानेला ताण देऊन ओढणं, लावायला निघाले तर कशासाठी ते विचारा, तो इलाज मुख्यतः मणक्यात नस दबते तेव्हाचा. जिममध्ये डोक्यावर वजन उचलणं सध्या बंद.

महापालिकेचं हॉस्पिटल की प्रायव्हेट? केईएम, सायन, नायरला ऑर्थो, न्यूरो, नर्व्ह कंडक्शन म्हणजे नसांच्या वहनाची तपासणी, फिजिओ सगळं एका आवारात आणि खर्च नाममात्र, पण सकाळची ओपीडी, लाइन, नोकरदाराला दर वेळी अर्धी सुट्टी. मी असतो तर निदान आणि तपासण्या तिथे करून व्यायाम घराजवळ केले असते. घरी येणारे फिजिओ म्हाताऱ्या माणसांना ठीक, चालत्या-फिरत्या माणसाने जादा पैसे का द्यावेत? आणि मेडिक्लेमची गंमत बघा, बहुतेक पॉलिसी ॲडमिट होऊन केलेल्या ऑपरेशनचे पैसे देतात, ओपीडीतल्या फिजिओचे नाही, त्यामुळे घरातलं कोणीतरी 'क्लेममध्ये बसतंय तर करून टाक' म्हणणारच. त्यावर निर्णय घेऊ नका.

एक मात्र कुठल्याही क्लिनिकात गेलात तरी तुमचं तुम्हालाच करावं लागेल. डॉक्टर जी रूस टेस्ट करतात त्यात दोन्ही हात वर, कोपरं काटकोनात, तीन मिनिटं मुठी उघड-बंद. आता विरार लोकलमध्ये कडी धरून उभं राहणं म्हणजे याहून वेगळं काय, तेही तासभर! दांडा खाली धरा, जमलं तर पाठ टेकायला जागा बघा, लॅपटॉपची बॅग एका खांद्यावर लटकवू नका, भरलेली बादली त्या हाताने नको, झोपताना हात उशीखाली किंवा डोक्यावर नको. पहिल्या सिटिंगला एक्स-रेचा नुसता कागद नव्हे, फिल्म न्या, आणि किती वेळ हात वर धरला की मुंग्या सुरू होतात ते घड्याळ लावून लिहून न्या, दर पंधरा दिवसांनी तोच आकडा परत बघायचा. तीन महिन्यांत तो जागचा हलला नाही तर तीच वही घेऊन सर्जनकडे जा.