बास्केटबॉल की स्पॅनिश?

अमेरिकेतल्या हायस्कूलात या दोघांची टक्कर वेळापत्रकात होत नाही. स्पॅनिशचा तास शाळेच्या वेळात, सराव शाळा सुटल्यावर. खरी ओढाताण हिवाळ्यात, बास्केटबॉलच्या हंगामात. सामना ३२ मिनिटांचाच, पण बाहेरगावी असला की बसप्रवासात अख्खी संध्याकाळ जाते. मग क्रियापदं घोकायची कधी?

खेळाचं फळ लवकर दिसतं: दम वाढतो, मित्र मिळतात. कॉलेजच्या संघात मात्र शंभरातले तीन-चारच पोहोचतात. भाषेचं उलट. दोन वर्षांनी जेमतेम जेवण मागवता येतं. अमेरिकी मुत्सद्द्यांनासुद्धा स्पॅनिशसाठी वर्गात ६०० हून अधिक तास लागतात, जपानीसाठी सुमारे २,२००. तरी माझा कल भाषेकडेच. गुडघा दुखावला म्हणून ती सुटत नाही. पण नववीत संघात जागा मिळत असेल तर ती सोडू नये, स्पॅनिश थांबेल.

अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटकडे दोन्ही होतं. बालपण इटलीत गेल्यानं इटालियन अस्खलित (वर्गात घोकलेली नव्हे!). १९९६ मध्ये लोअर मेरियन हायस्कूलला राज्यविजेतेपद मिळवून देऊन तो थेट एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये गेला. निवृत्तीनंतर, डिसेंबर २०१९ मध्ये, मैदानाकडेला बसून त्यानं स्लोव्हेनियाच्या लुका डॉन्चिच या एनबीए खेळाडूला चक्क स्लोव्हेनियन भाषेत डिवचलं. लुका चमकून मागे वळला.