शिकण्याची ओढ: बक्षिसाने की आतून?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. गणित सोडवल्यावर उत्तर बरोबर आलं की चूक, हे मुलांना लगेच कळत नव्हतं. ते स्किनर यांना फार खटकलं आणि त्यातूनच त्यांचं शिकवण्याचं यंत्र आलं: छोटी पायरी, लगेच निकाल. पाढे, स्पेलिंग अशा घोटून पक्क्या करायच्या गोष्टींना ही रीत आजही लागू पडते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं. स्वतःची निवड, 'मला जमतंय' ही भावना आणि आपुलकी मिळाली की मूल आपणहून शिकतं. बक्षीस कसं बाधतं, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या, १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या काही मुलांना सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र आधीच कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळेत ही मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. माझ्या मते खरी मेख इथेच आहे: बक्षिसापेक्षा 'हे केलंस तर ते देईन' हा सौदा जास्त घातक.

म्हणून वाचनाची गोडी असलेल्या मुलाला चॉकलेटचं आमिष दाखवू नका, पुस्तक त्यालाच निवडू द्या. सातच्या पाढ्यावर अडलेल्याला मात्र प्रत्येक बरोबर उत्तराला तिथल्या तिथे शाबासकी द्या.