पॉप्लर-विलो-पाईनचं मिक्स सरपण: घर तापवायला चालतं, फक्त वाळलेलं हवं

ओक, बीच ही जड लाकडं परवडेनात म्हणून या सीझनला सगळ्यात स्वस्तातला मिक्स लॉट घेतला. पॉप्लर जास्त, त्यात विलो आणि थोडं पाईन-स्प्रूस, सगळी हलक्या लाकडाची झाडं. वखारवाला पण "हलकं आहे हो, लवकर संपेल" असं सांगूनच देतो. वापर बंद दाराच्या लोखंडी स्टोव्हमध्ये, घर गरम ठेवायला. रेटिंग ४/५, आणि कापलेला १ लाकडाच्या जातीसाठी नाही, ओलेपणासाठी आहे.

आधी एक सांगतो, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. या लाकडात उष्णता कमी असते असं जे म्हणतात ते किलोच्या हिशोबाने खरं नाही. वाळलेलं कुठलंही लाकूड घ्या, किलोमागे साधारण ४ युनिट उष्णता देतं (वीजबिलातलं युनिट असतं तेच), उलट पाईनमध्ये राळ असते म्हणून ते किलोला किंचित जास्तच देतं. फरक आहे तो वजनात. वाळलेला ओक घनमीटरला ७०० किलोच्या आसपास भरतो आणि पॉप्लर ४०० ते ४५०, म्हणजे तेवढ्याच ढिगातून ओकच्या साधारण ६० टक्के उष्णता. त्यामुळे ढिगाच्या मापाने घेत असाल तर हिशोब सोपा आहे, भाव ओकच्या ६० टक्क्यांपेक्षा खाली असेल तर घ्या, नाहीतर ओकच घ्या. मला बराच खाली मिळाला म्हणून परवडलं. जागा मात्र दीडपटीपेक्षा जास्त लागते हे घरी आधी सांगून ठेवा.

वजनावर घेत असाल तर जात सोडा, ओलावा बघा. ताज्या पॉप्लरमध्ये अर्ध्याहून जास्त वजन नुसतं पाण्याचं असू शकतं, तुम्ही पैसे देता पाण्याचे आणि वर ते पाणी उडवायला स्टोव्हची आच खर्च होते, अशा लाकडातून किलोला ४ ऐवजी जेमतेम २ युनिट हाती लागतात. माझ्या लॉटमध्ये "वाळलेलं" म्हणून जे आलं त्यातलं विलो आतून चक्क दमट होतं. मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवणारं यंत्र) बाहेरून लावला तर छान आकडा दाखवतो, म्हणून ओंडका फोडायचा आणि ताज्या फोडीवर मधोमध मोजायचं, २० टक्क्यांच्या आत असेल तरच स्टोव्हमध्ये. मीटर नसेल तर दोन ढलप्या एकमेकांवर आपटा, खणखणीत वाजल्या तर ठीक, ढप्प आवाज आला तर ठेवा बाजूला.

वाळवण्यात हे लाकूड ओकपेक्षा खूप सरस आहे. फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असं रचलं तर एक उन्हाळा बऱ्याचदा पुरतो, ओकला दोन वर्षं द्यावी लागतात. पण अख्खे ओंडके पावसात मातीवर पडू दिले तर विलो-पॉप्लर फार लवकर कुजतं, आणि कुजलेलं लाकूड हलकं होतं म्हणजे उष्णता तिथेच गेली. आल्या आल्या फोडा. पॉप्लर कुऱ्हाडीने पटकन फुटतं, स्प्रूसच्या गाठी मात्र हात दुखवतात.

आता पाईनने धुरांडं चोंदतं ही भीती. चोंदतं ते ओल्या लाकडाने आणि हवा बंद करून धुमसत ठेवलेल्या आगीने, कारण धूर थंड होऊन त्याचा डांबरासारखा थर आतून चिकटतो आणि पुढे तोच थर पेट घेऊ शकतो. ओला ओकही हेच करतो. उत्तरेकडच्या थंड देशांत लोक पाईन, स्प्रूस, बर्चवरच हिवाळा काढतात. कोरडं जाळा, हवा मोकळी ठेवा, वर्षातून एकदा तरी धुरांडं साफ करून घ्या. उघड्या शेकोटीत मात्र स्प्रूस नकोच, ठिणग्या फटाफट बाहेर उडतात.

रोजचा अनुभव म्हणाल तर पेटतं झटकन, खोली लवकर तापते, स्टोव्हच्या दाराची काच स्वच्छ राहते. एकदम ठासून भरू नका, कोरडं पाईन भडकतं आणि स्टोव्ह नको तेवढा तापतो, थोडं थोडं घालत राहायचं. घरात दिवसभर कोणी नसेल तर हे जमणार नाही. निखारे फार टिकत नाहीत त्यामुळे रात्री झोपताना भरलं तर पहाटे नुसती राख, रात्रीसाठी जड लाकूडच लागतं. फार थंडी नसलेल्या दिवसांत उलट हेच बरं, संध्याकाळी जरा ऊब हवी असते तेव्हा ओकची आग घर उगाच तापवत बसते.

पुढच्या सीझनला पुन्हा घेणार आहे आणि आत्ताच सांगून ठेवलंय, पॉप्लर जास्त, विलो अगदी कमी, रात्रीपुरता ओक वेगळा, आणि गाडी खाली करायच्या आधी मी दोन-चार ओंडके फोडून मीटर लावणार.