बीड-अहिल्यानगर रेल्वे: पहिल्यांदा बसलो, मनापासून लिहितोय

17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनीच, बीडला एकदाची गाडी आली. मंजुरी 1995 ची आहे बरं का, म्हणजे 30 वर्षं! एवढ्यात मुंबईत 33.5 किमीची भुयारी मेट्रो 3 पूर्ण झाली, खर्च साधारण 37 हजार कोटी, आणि आमचा परळीपर्यंतचा अख्खा 261 किमीचा मार्ग जेमतेम 4,800 कोटींचा. मुंबईला मेट्रो पाहिजेच, त्यावर वाद नाही, पण जिथून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात त्या जिल्ह्याला एक रूळ टाकायला एवढी वर्षं लागावीत याचा खरंच राग येतो.

डबे साधे, तिकीट एसटीपेक्षा खूपच स्वस्त, माझ्या समोर एक मावशी ज्वारीच्या पिठाचं गाठोडं पायाशी घेऊन पुण्याला लेकाकडे निघाल्या होत्या, नगरला उतरून पुढं दुसरी गाडी धरायची म्हणे. वेळ मात्र एसटीपेक्षा जास्त जातो, घाई असेल तर एसटीच बरी. सामान असेल, लेकरं असतील तर बिनधास्त रेल्वेनं जा. पाचपैकी साडेतीन स्टार. आता थेट पुण्याची गाडी द्या आणि परळीपर्यंतचं काम रखडवू नका.