मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात एसी: 27 महिन्यांचा खर्च आणि अनुभव

मार्च 2023 मध्ये आम्ही रत्नागिरीच्या घरी दीड टनाचा, थ्री-स्टार इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवला. मांडवीचा किनारा घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. एसी 38,500 रुपयांना पडला. आता जून 2025 मध्ये खर्चाची वही काढून बेरीज केली, तर वीजबिल सोडून देखभाल-दुरुस्तीवर 17,400 रुपये गेलेत. किमतीच्या 45 टक्के. समुद्राजवळ राहणाऱ्या कुणालाही एसी घेण्याआधी हा आकडा कळायला हवा, म्हणून सविस्तर लिहितोय.

एसी घेतला तो बाबांसाठी. हृदयाच्या ऑपरेशननंतर उकाड्यात त्यांना रात्ररात्र झोप लागत नव्हती. अकोल्याचे नातेवाईक म्हणाले, कूलर घ्या, स्वस्तात काम होईल. तिकडे 43 अंशांत कूलर चालतो, कारण हवा कोरडी असते आणि पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. आमच्याकडे पारा बहुतेक दिवस 33-34 च्या आसपासच असतो, पण हवेत इतकं पाणी असतं की अंगावरचा घामही वाळत नाही. अशा हवेत कूलर खोलीत आणखी ओल भरतो. एसी मात्र हवेतलं पाणी काढून घेतो, आणि बाबांना खरा आराम त्यानेच मिळाला. ऑगस्टमध्ये रात्रभर एसी चालला की पाइपाखालच्या बादलीत सकाळी सात-आठ लिटर पाणी जमलेलं असतं.

पहिला त्रास याच पाण्याने दिला. ऑगस्ट 2023 मध्ये आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी ओघळायला लागलं. बसवणाऱ्याने ड्रेन पाइप खिडकीच्या चौकटीवरून उचलून बाहेर नेला होता, त्यामुळे मध्ये पाणी साचायचं आणि त्यात बुळबुळीत थर धरायचा. वॉरंटीत पाइप साफ करून मिळाला, पण फुगलेलं प्लास्टर आणि रंग यांचे 2,200 रुपये आमचेच गेले. पाइपाला पहिल्यापासून सलग उतार दिला असता, तर हा खर्च झालाच नसता. एसी बसवताना समोर उभे राहा आणि ड्रेनमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का, हे पाहिल्याशिवाय माणसाला सोडू नका.

डिसेंबरमध्ये बाहेरच्या युनिटचा लोखंडी स्टँड गंजून सैल झालेला दिसला. नऊ महिन्यांत! नवा गॅल्व्हनाइज्ड स्टँड 1,400 रुपयांना आला. तेव्हा वाटलं, प्रश्न मिटला. पण सैल स्टँडवर युनिट कित्येक आठवडे थरथरत होतं, आणि त्या थरथरीने काय केलं ते पुढच्या वर्षी कळलं.

एप्रिल 2024. वॉरंटीचं पहिलं वर्ष संपून महिनाच झाला होता. खोली थंड व्हायला तास-दीड तास लागायला लागला. गावातला एसीवाला आला, गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय काका, दरवर्षी भरावाच लागतो." बाबांनी मान डोलावली, मीही 2,800 रुपये दिले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तीच रड, शिवाय आतल्या कॉइलवर, म्हणजे थंड होणाऱ्या नळ्यांवर, बर्फ धरायला लागला. दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्यानेही गॅस भरला, पुन्हा 2,800. हे 5,600 रुपये गॅससकट हवेत गेले.

नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा थंडावा गेला, तेव्हा मिरकरवाडा बंदरात मासळीच्या शीतगृहांची कामं करणारा एक मुलगा ओळखीतून मिळाला. त्याने पहिलंच वाक्य सांगितलं, "दादा, गॅस संपत नाही, गळतो." हे मला दोन वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं. एसीच्या नळ्या बंद असतात, तोच गॅस त्यांत वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे, आणि ते शोधल्याशिवाय भरलेला प्रत्येक रुपया फुकट.

त्याने नळ्यांत नायट्रोजन भरून दाब चढवला आणि तासभर गेजचा काटा पाहत बसला. काटा हळूहळू उतरला. मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. बाहेरच्या युनिटच्या जाड नळीच्या नटापाशी टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे येऊ लागले. नळीचं पसरवलेलं तोंड, ज्याला ते फ्लेअर म्हणतात, तडकलं होतं. सैल स्टँडच्या थरथरीने ताण येऊन तिथेच चीर गेली असावी, असं त्याचं मत. त्याने नळी कापून नवीन फ्लेअर केला, पुन्हा दाब चढवून दोन तास थांबला, पंप लावून पाऊण तास व्हॅक्यूम केला, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल खेचून काढली, आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमाइतकाच गॅस भरला.

व्हॅक्यूम आणि वजन या दोन्ही गोष्टी आधीच्या दोघांनी केल्याच नव्हत्या. आमच्या दमट हवेत व्हॅक्यूम टाळणं सर्वांत महाग पडतं, कारण नळीत राहिलेली ओल गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करते. आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्याने नुसता दाब पाहून गॅसचा अंदाज बरोबर येत नाही. आमच्या एसीत आर-32 नावाचा गॅस आहे, जो थोडा ज्वलनशीलही असतो, म्हणून काम चालू असताना त्याने देवघरातली समईसुद्धा विझवायला सांगितली. सगळ्याचे मिळून 4,300 रुपये घेतले. वहीतला सर्वांत मोठा आकडा हाच, आणि मी आनंदाने दिलेला एकमेव.

बाकी खर्च किरकोळ. पाण्याच्या जेटने सर्व्हिस तीनदा, प्रत्येकी 700. नंतर मे 2025 मध्ये बाहेरच्या युनिटच्या सर्किट बोर्डावर पाल चिकटून बोर्ड जळाला. कार्डावर बोर्डाला पाच वर्षांची वॉरंटी आहे, पण किडे-प्राण्यांनी केलेलं नुकसान त्यात धरत नाहीत. दुरुस्तीला 1,800 गेले. आता फटींना बारीक जाळी लावलीय.

वार्षिक देखभाल कराराचा कागद दोनदा समोर आला. दोन्ही वेळा बारीक अक्षरं वाचली. गॅस आणि गंज दोन्ही वगळलेले. किनाऱ्यावर एसीला याच दोन गोष्टींचं दुखणं असतं, त्यामुळे मी करार घेतला नाही. त्यापेक्षा घरी नियम लावून घेतलेत. दर पंधरा दिवसांनी आतल्या युनिटच्या फिल्टरच्या जाळ्या धुतो. बाहेरच्या युनिटची मागची बाजू महिन्यातून एकदा, एसीचा मेन बंद करून, साध्या पाइपने हलक्या धारेने गोड्या पाण्याने धुतो. तांब्याची नळी, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि मीठ एकत्र आले की पट्ट्या पांढऱ्या भुकटीसारख्या झडू लागतात. सर्व्हिसवाला पट्ट्यांवर ॲसिडचं द्रावण मारायला निघाला, की मी त्याला थांबवतो.

वीजबिलाचं म्हणाल तर महिन्याला 140 च्या आसपास युनिट जायची, ती एप्रिल-मेमध्ये 280-290 वर गेली. एकदा एसी 22 अंशांवर लावून ठेवला होता, तेव्हा 340 झाली आणि 300 च्या पुढच्या युनिटांना वरचा दर लागला. जानेवारी 2020 पासून नव्या एसीत सुरुवातीचं तापमान 24 ठेवणं बंधनकारक आहे. आम्ही 26 वर ठेवून पंखा लावतो, बाबांना तेच बरं वाटतं.

यंदा 25 मेलाच पाऊस कोकणात शिरला. तेव्हा लक्षात आलं की आमचं बाहेरचं युनिट पडवीच्या पत्र्याखाली असल्याने त्याच्यावर पावसाचा थेंब पडत नाही, आणि चार महिने मोकळ्या पावसात जे मीठ फुकट धुऊन जातं, ते आमच्याकडे तसंच साठून राहतं. नोव्हेंबरनंतर गॅस मात्र टिकलाय, सात महिने झाले. पत्र्याचा तेवढा तुकडा कापून घ्यायला मेस्त्रीला रविवारी बोलावलंय.