पूर्ण भूल देणारच, मग वरून बधिर करायचं इंजेक्शन कामून? (लातूर, कुत्र्याची दाढ काढली)

आमचा शेऱ्या कारवानी जातीचा कुत्रा, सहा वर्षाचा, २४ किलो. मटणाची नळी फोडायच्या नादात वरची मोठी दाढ चिरली अन् काही दिवसांनी डोळ्याखाली सूज. आधी जिथं दाखवलं तिथं डोळ्याचंच समजून ड्रॉप अन् गोळ्या दिल्या, सूज उतरायची परत यायची, तीनदा झालं असं. मग या क्लिनिकात नेलं, मॅडमनी ओठ वर करून बघितला अन् म्हणल्या डोळा चांगलाय ओ, दाढेच्या मुळाशी पू झालाय. एक्स-रेत दिसलं बी.

अंदाजे बिलात 'नर्व्ह ब्लॉक', म्हणजे दाढेची नस बधिर करायचं इंजेक्शन, वेगळा लावलेला. मी म्हणलं मॅडम झोपवणारच हाव तर हे कशाला, उगं बिल वाढवायला? तर त्यांनी नीट बसून सांगितलं, हे मला लई आवडलं. झोपलेल्या कुत्र्याला कळत नाही पण दुखल्याचा निरोप वर जातच राहतो, ठोके अन् बीपी वाढतं, मग भुलीचा गॅस वाढवावा लागतो. मज्जातंतूच बधिर केला की गॅस कमीत भागतो. बधिर करायचं नेहमीचं औषध लिग्नोकेन तास-दोन तासात उतरतं म्हणून ब्युपिव्हाकेन नावाचं दुसरं देतात, असर सुरू व्हायला वेळ लागतो पण चार ते आठ तास टिकतं. किलोला २ मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही, म्हणजे शेऱ्याला ४८ ही हद्द, अन् लागलं त्याच्या कितीतरी कमी. टोचल्यावर आधी सिरिंज मागं ओढून रक्त येतं का बघतात, रक्तवाहिनीत गेलं तर हृदयाला धोका असतो म्हणे.

त्या दाढेला तीन मुळं असतात, कापून तीन तुकडे करून काढली.

दोन वर्षामागं शेऱ्याचाच खालचा एक दात दुसरीकडं काढला होता, निस्ती भूल देऊन. त्या रात्री लेकरू पहाटेपर्यंत कण्हत होतं, आम्ही कोणीच झोपलो नाव. यावेळेस संध्याकाळी घरी आला, पाणी पिला अन् गप पडून राहिला. दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकर खाल्ली.

एक स्टार कापला त्याचं कारण, ११ ची वेळ देऊन २ ला आत घेतलं, कुत्रं रात्रीपासून उपाशी अन् बाहेर सावली नाही. अन् ओठ बधिर राहणार हे कोणी सांगितलंच नाही. पाणी एका बाजूनं गळायलंय बघून आई म्हणाली लकवा मारला का काय, रात्री दहाला फोन लावला, उचलला मात्र लगेच. दुखायची गोळी मेलॉक्सिकॅम दिलीय, जेवणानंतर. आपली आयबुप्रोफेन घरात पडलीय म्हणून देऊ नका, कुत्र्याला विषारी आहे ती.

दोन आठवडे मऊ खाणं सांगितलंय. नळ्या आता आम्हीच चोखायलाव, शेऱ्या समोर बसून बघायलाय.