द्राक्षाच्या कंटेनरला काय लावावं? जीपीएस, लॉगर की दोन्ही

ट्रॅकर विकायला आलेला माणूस आधी मोबाइलवर नकाशा दाखवतो. गाडी कसारा घाटात, गाडी पडघ्यात, गाडी कळंबोलीला. बघायला छान वाटतं, पण द्राक्षं खराब होतात ती गाडी कुठे आहे यावरून नाही, आत किती तापमान आहे यावरून. पिंपळगाव बसवंत ते न्हावाशेवा बंदर हे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचं अंतर नकाशावरचा ठिपका व्यवस्थित पार करतो आणि त्याच वेळी वाटेत जेनसेट, म्हणजे कंटेनर थंड ठेवायला वीज देणारा जनरेटर, बंद पडलेला असू शकतो.

मग होतं काय? प्रीकूलिंग करून, म्हणजे भरण्याआधीच गार करून, माल शून्याच्या आसपास आणलेला असतो. थंडी तुटली की मण्यांवर पाणी धरतं. त्या ओलाव्याने पेटीतल्या ग्रेप गार्डमधून, म्हणजे बुरशी रोखायला ठेवलेल्या कागदातून, सल्फर डायऑक्साइड एकदम जास्त सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. पुढे जेनसेट चालू झाला तरी उपयोग नाही. रीफर, म्हणजे शीतकंटेनर, थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो, गरम झालेल्या पेट्या झटपट गार करणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे ड्रायव्हरच्या सिमवरून ट्रॅकिंग. त्याची संमती घ्यायची, टॉवरवरून अंदाजे ठिकाण कळतं, साधा फोनही चालतो. देशातल्या बाजारात साध्या ट्रकने माल जात असेल तर एवढं पुरे. निर्यातीच्या मालाला नाही.

ट्रान्सपोर्टरच्या गाडीत बसवलेला जीपीएस याहून अचूक, पण तो असतो घोड्याला म्हणजे पुढच्या ट्रॅक्टरला, कंटेनरला नाही. वाटेत घोडा बदलला की तुम्ही भलतीच गाडी बघत बसता. शिवाय माहिती त्याची. लिंक द्यायची की नाही तेही तोच ठरवणार. मात्र स्वतःची रीफर ट्रक नाशिकहून दिल्लीला फेऱ्या मारत असेल, तर आत तापमान मोजणारा प्रोब जोडलेला कायमचा जीपीएस हाच सर्वात शहाणा खर्च. गाडी परत येते, यंत्रही परत येतं.

खरी निवड पुढच्या दोघांत आहे.

बॅटरीवर चालणारा सुटा ट्रॅकर पेट्यांसोबत आत ठेवतात. ठिकाण, तापमान आणि दार उघडल्यावर पडणारा उजेड, तिन्ही कळतं. पण कंटेनर म्हणजे पोलादी डबा, आतून यंत्राला आकाश दिसत नाही. मग ठिकाण बऱ्याचदा टॉवरवरून घेतलं जातं, घाटात तेही तुटतं. दाराजवळ ठेवला तर सिग्नल बरा मिळतो, पण तापमान दाराजवळचं येतं, मधल्या रांगांचं नाही. जहाजावर चढल्यावर नेटवर्क संपतं. यंत्र नोंदी साठवतं आणि पलीकडच्या बंदरात पाठवतं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली. आपल्या मालाचं जहाज त्या वाटेने जाणार असेल तर बॅटरी किती दिवस चालते हे आधी विचारा, आणि रॉटरडॅमहून यंत्र परत कोण आणणार हेही.

डेटा लॉगर त्यामानाने मुका. पेट्यांत टाकायचा, ठरावीक मिनिटांनी तो तापमान लिहून ठेवतो, तिकडे यूएसबीला लावला की पीडीएफ निघते. वाटेत काहीच कळवत नाही. तरीही विम्याच्या सर्व्हेअरपुढे ठेवायला तोच कागद कामाचा, आणि सुट्या ट्रॅकरपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

समुद्रातल्या भागासाठी शिपिंग लाइनलाच विचारा. मर्स्कने २०१७ पासून आपल्या रीफरचं दूरस्थ निरीक्षण ग्राहकांना खुलं केलं, इतर काही लाइनही अशी सोय देतात. बंदरात कंटेनर पोचला का, एवढंच हवं असेल तर कंटेनर नंबर टाकून लॉजिस्टिक्स डेटा बँक या कंटेनरचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर दिसतं. न्हावाशेव्याला ती २०१६ पासून आहे.

माझं मत विचाराल तर युरोपच्या प्रत्येक कंटेनरमध्ये दोन लॉगर, एक मधल्या रांगेत आणि एक दाराशी. सुटा ट्रॅकर फक्त तेव्हाच, जेव्हा रात्री दोनला आलेला अलार्म कुणीतरी उचलणार आहे आणि त्या माणसाकडे ड्रायव्हरचा, ट्रान्सपोर्टरचा आणि वाटेवरच्या जेनसेट मेकॅनिकचा नंबर आहे. हे नसेल तर नुकसान होताना बघत बसण्याचे पैसे मोजताय. अलार्म लावतानाही एक पथ्य: रीफर मधूनमधून डीफ्रॉस्ट करतो, म्हणजे आत साचलेला बर्फ वितळवतो, तेव्हा हवेचं तापमान थोडा वेळ वर जातंच. मर्यादा ओलांडल्यावर अर्धा तास तरी तसंच राहिलं तरच अलार्म वाजेल असं ठेवा. नाहीतर दर डीफ्रॉस्टला फोन वाजतो आणि आठवड्याभरात ऑफिसातली पोरं तो म्यूट करून टाकतात.

लॉगर घेताना आणखी एक गोष्ट तपासा: रिपोर्टवरची वेळ भारतीय आहे की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. क्लेमच्या वेळी त्या साडेपाच तासांच्या फरकात माल ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात होता की बंदराच्या यार्डात, हेच बदलून जातं.